उलट्या वेढ्यांची गोगलगाय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या नफिसाला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? उद्या माझ्या चित्रांचं प्रदर्शन उघडतंय, आणि आज मी इतकी खूश आहे की घाबरायचंच राहून गेलंय.

खूश का नसावं? मी साताऱ्याची. लग्नानंतर नोएडात आले आणि इथल्या उंच इमारतींच्या आडोशाला जे सरपटतं, उडतं, उगवतं ते काढत बसले. भुंगेरे, बिया, किड्यांनी खाल्लेली पानं. लोक म्हणायचे, देवदेवता काढा, खपतील. मी ऐकलं नाही. उद्या दिल्लीत मंडी हाउसजवळच्या मोठ्या दालनाच्या चारही भिंती माझ्या आहेत, आणि दारासमोरच आहे ती गोगलगाय. तिच्यामुळेच माझं नाव झालं.

तर — ती गोगलगाय.

नफिसा मुल्ला माझी मैत्रीण. मूळची सांगलीची, राहते गाझियाबादला, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. बघायला तिनंच मला शिकवलं. पाय मोज, शिरा मोज, समोर नाही ते काढू नकोस. गोगलगायींच्या शंखाचे वेढे बहुतेक एकाच दिशेला वळतात, हेही तिनंच सांगितलेलं. उलट्या वेढ्यांची एखादी सापडली तर तिच्यासारखी माणसं अक्षरशः नाचतात.

फरिदाबादच्या पुढे, अरावलीच्या एका उतारावर मला एक रिकामा शंख मिळाला. अगदी साधा. तो मी ट्रेसिंग पेपरवर काढला, आणि चांगल्या कागदावर उतरवताना घाईत तो पेपर पालथा घालून पाठीमागून घासला. चित्र आरशातल्यासारखं उलटं उतरलं. मी आपली रंगवत गेले. एका मासिकाच्या मुखपृष्ठावर ते छापून आलं, आणि सकाळीच नफिसाचा फोन.

"अगं, उलट्या वेढ्यांची? कुठे मिळाली यार तुला?"

शंख समोर टेबलावरच होता. मी त्याच्याकडे पाहिलं — आणि कळलं. पेपर पालथा पडला गं, एवढंच तर म्हणायचं होतं. का नाही म्हटलं? तिच्या आवाजात माझ्याबद्दल अभिमान होता, आणि तो मला हवा होता. मी जागा सांगितली. शंख दाखव म्हणाली, तर म्हटलं, फुटला. फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेले आणि शंख खलबत्त्यात घालून फोडला.

तेव्हापासून दर पावसाळ्यात नफिसा त्या उतारावर जाते. वाकून एकेक दगड उचलून बघते. मीही गेलेय तिच्याबरोबर — हो, शेजारी बसून शोधायचं नाटक केलंय. एका वर्षी ती घसरली, गुडघा कायमचा अधू झाला. तरी जाते. शोधता शोधता तिला तिथे कुणी न नोंदलेली एक बारीक गोगलगाय सापडली, नफिसाचं फार कौतुक झालं. ते माझ्या पदरात टाकू नका. ते तिच्या डोळ्यांचं आणि चिकाटीचं आहे.

ट्रेसिंग पेपर मी पुन्हा हातात धरला नाही. बाकी सगळी चित्रं वस्तू समोर ठेवून, नुसत्या नजरेनं काढली आहेत. त्यातली एकेक रेघ खरी आहे, हे मी छाती पुढे काढून सांगते. आणि त्या सगळ्यांच्या पुढे हे एक खोटं मिरवणार? नाही. नफिसा कदाचित पुन्हा माझं तोंड बघणार नाही. तिच्याइतकं जवळचं मला या शहरात दुसरं कुणी नाही.

आज दुपारी त्या चित्राशेजारी पाटी लावून घेतली. 'शंख असा नव्हता. चित्र उलटं उतरलं. मला ते छापून आलं त्याच दिवशी कळलं होतं. मी नफिसाशी खोटं बोलले आणि शंख फोडला.' खाली माझी सही.

खिळे ठोकणारे मिश्राजी मागे सरकून बघत राहिले. "मॅडम, बोर्ड थोडा नीचे नहीं लग गया?"

नफिसा बुटकी आहे, आणि उद्या सगळ्यांच्या आधी तीच येणार.

"बिल्कुल सही है," मी म्हटलं.