वळणावरची म्हातारी आणि फौजदारांची जीप

भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणारा कुणी भेटला की मी त्याच्या तोंडावर हसायचो. आजही हसतो… फक्त पूर्वीइतकं मोठ्यानं नाही. कारण आता जे लिहितोय ते माझ्या स्वतःवर गुदरलेलं आहे, आणि त्यात माझा संसार पणाला लागला होता.

बहात्तरचा दुष्काळ. मी कर्जतहून खर्ड्याच्या रस्त्यानं गावोगाव पाण्याचा टँकर न्यायचो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. भर दुपारी, ओढ्याजवळच्या वळणावर, एक म्हातारी एकदम आडवी आली. काखेत पालथी घागर. मी स्टिअरिंग गर्रकन फिरवलं आणि टँकर बाभळीत घातला. उतरून पाहतो तर रस्त्यावर चिटपाखरू नाही!

नेमकी मागून फौजदारांची जीप येत होती.

"काय रे, पिऊन गाडी चालवतो व्हय?"

"साहेब, मी माळकरी माणूस. म्हातारी आडवी आली हुती."

"कुठाय म्हातारी? दाव की!"

दाखवणार काय, कपाळ? रात्रंदिवस गाडी चालवून डोळे लाल झालेले, तेवढं त्यांना पुरलं. झालं… 'आरोपी दारूच्या नशेत' असं लिहून मला आत टाकलं. ठाण्यासमोरच सरकारी दवाखाना होता, पण डॉक्टरला दाखवायची तसदी कुणी घेतली नाही. मी हात जोडून म्हणत होतो, रक्त तपासा माझं. ऐकतो कोण!

बातमी पुणतांब्याला सासुरवाडीला पोचली. मी जामिनावर सुटून घरी आलो, त्याच दिवशी सासरे आले आणि माझ्या बायकोला, शालनला, घेऊन गेले. "दारुड्याच्या घरी माझी लेक नांदनार न्हाई," एवढंच बोलले. शालन मागं वळून बघत एसटीत चढली. ते बघणं मला तुरुंगापेक्षा जड गेलं. निर्दोष सुटल्याशिवाय ती परत येणार नव्हती, हे मला पक्कं कळलं.

वकील भले मिळाले. घागरीचं ऐकून म्हणाले, "म्हातारी सांग कोर्टात, घागर नको सांगू. जेवढं वर्णन करशील तेवढं लोक हसतील." म्हणून घागरीचं मी त्यांच्याशिवाय कुणालाच सांगितलं नाही. शालनलासुद्धा नाही.

कोर्टात वकिलांनी पोलिसांच्या पंचाची उलटतपासणी घेतली. तो ठाण्याशेजारी चहाचं हॉटेल चालवायचा.

"आरोपीच्या तोंडाचा वास तुम्ही रस्त्यावर घेतला?"

"न्हाई… मी हाटेलातच हुतो. सायबांनी बोलावलं, सही कर म्हनले."

"मग वास कुठं घेतला?"

"घेतलाच न्हाई जी."

कोर्ट खदखदून हसलं. मी मागच्या बाकावरच्या सासऱ्यांकडे पाहिलं. ते मान खाली घालून बसले होते. फौजदार मात्र हटेना. म्हणाला, तो रस्ता सरळसोट आहे, शुद्धीतला माणूस तिथं वळूच शकत नाही. वकिलांनी लगेच 'तिथं वळण आहे' म्हणत जागेची पाहणी मागितली, आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांनी ती दिली.

पुढं फौजदारांची जीप, मधे साहेबांची गाडी, मागं भाड्याच्या टॅक्सीत वकील, सासरे आणि मी. स्वच्छ ऊन होतं. वळण आलं… आणि फौजदारांची जीप कचकन ब्रेक मारून माझ्याच बाभळीत शिरली!

पोलीस ड्रायव्हर पांढराफटक पडून खाली उतरला. "साहेब, म्हातारी… काखंत पालथी घागर घिऊन मधीच आली!"

वकिलांनी माझा दंड असा दाबला की चार दिवस दुखत होता. आम्ही सगळ्यांनी धुळीत पावलं शोधली. टायरच्या खुणांशिवाय काही नव्हतं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा पुसला आणि शांतपणे विचारलं, "फौजदार, तुमच्या ड्रायव्हरचं तोंड हुंगणार का आता? पंच बोलावू?"

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला बाभळीलासुद्धा मिठी मारावीशी वाटली!

मी निर्दोष सुटलो. निकालात डॉक्टरची तपासणी नाही, पंच जागेवर नव्हता, असं सगळं आलं. म्हातारीबद्दल मात्र एक अक्षर नाही. कोर्टाबाहेर सासरे डोळे पुसत म्हणाले, "जावईबापू, चुकलं माझं. या, लेक न्या तुमची."

पुणतांब्याहून शालनला कर्जतला आणलं आणि भरलेल्या टँकरमध्ये शेजारी बसवून गावाकडे निघालो. राजाच्या थाटात चालवत होतो. वळण आलं तसा वेग कमी केला. डोळे फाडून पाहिलं. रस्ता मोकळा होता, काही म्हणजे काही नव्हतं. हसून गिअर टाकणार, तेवढ्यात शालननं माझ्या हातावर हात ठेवला.

"अहो, थांबा की जरा. त्या म्हातारीला जाऊ द्या. डोक्यावर भरलेली घागर हाय, सांडंल."

मी ब्रेक दाबला. रिकाम्या रस्त्याकडे बघत आम्ही थांबलो… शालन "गेली" म्हणेपर्यंत.

त्यानंतर त्या वळणावर कुणालाच काही दिसल्याचं ऐकलं नाही. ती कोण होती, मला आजही सांगता येत नाही. पण तिथून जाताना मी अजूनही गाडी थांबवतो, आणि शालननं "चला" म्हटल्यावरच पुढे काढतो.