देवासमोरचं पार्किंग कार्ड

अमेरिका हा मुक्त संचाराचा देश आहे, असं मी आईला ती आल्यापासून सांगत होतो. कुणालाही न विचारता माणूस एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत गाडी नेऊ शकतो. हे खरंच आहे. फक्त त्याला मध्ये कुठे थांबता येत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सहा महिने आमच्याकडे राहून आई परत निघाली होती. विमान शिकागोहून होतं, म्हणून मी आणि बायको आईला घेऊन ओहायोहून दिवसभर गाडी हाणत आदल्या संध्याकाळी तिथल्या एका उपनगरात मित्राकडे उतरलो. त्याच्या रस्त्यावर फक्त रहिवाशांना गाडी लावायची मुभा. बाहेरगावच्या गाडीसाठी पाहुण्यांचं पिवळं कार्ड असे, ते पुढच्या काचेपाशी ठेवायचं. मित्राने ते स्वतःच्या हाताने ठेवलं आणि पुलाचं उद्घाटन केल्यासारखं दोन पावलं मागे सरकून पाहिलं.

सकाळी गाडी जागेवर नव्हती. आईच्या बॅगा डिकीत होत्या. विमान दुपारचं.

"टो केली, यार, उचलून नेली," मित्र म्हणाला. "पण कार्ड ठेवलं होतं ना मी!"

"ते पिवळं होय?" आई दारातून म्हणाली. "काल गाडीतून चष्मा आणायला गेले तर काचेपाशी पडलेलं. सरकारी कागद असा उघड्यावर टाकतात का रे? देवासमोर ठेवलंय."

मित्राच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, देव्हारा स्वयंपाकघरातल्या कपाटात होता. तिथे गणपतीला टेकून कार्ड उभं होतं, कुंकू लावलेलं. माझं हॉल तिकीट, नोकरीचा कागद, पासपोर्ट, सगळं आधी असंच देवासमोर गेलेलं.

टो केलेल्या गाड्यांच्या आवारात मित्राने नेलं. खिडकीतल्या बाईंनी कार्ड उलटसुलट पाहिलं.

"हे लाल काय आहे?"

"धार्मिक आहे," मी म्हणालो.

त्यांनी कार्डाकडे पुन्हा एकदा, जरा आदराने पाहिलं आणि दंडाची पावती फाडली.

गाडी सोडवून आणली आणि आईला, बायकोला घेऊन तडक निघालो. विमानतळ दिसायला लागल्यावर आई म्हणाली, "माझ्यामुळे झालं ना हे सगळं?" मी नाही म्हणालो. मान वळवून म्हणायला हवं होतं, पण लेन बदलायची होती.

काउंटर बंद व्हायला आला होता. पार्किंग शोधायला वेळ नव्हता आणि गाडी सोडून जायची आता माझी छाती नव्हती. दाराशीच बॅगा उतरवल्या. आत बायको सोडायला जाणार होती. मी फुटपाथवर आईला नमस्कार करायला वाकलो. ती डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटत होती. तिचे आशीर्वाद नेहमीच लांब असत. पोलिसाने बॉनेटवर टकटक केली. मी अर्धवट ऐकून गाडीत बसलो.

आई पुन्हा अमेरिकेत आली नाही. विमानतळाच्या त्या दाराशी पाटीवर मात्र स्पष्ट लिहिलेलं होतं: फक्त प्रवासी उतरवण्यासाठी.