सिस्टिम आत भाजी चिरत होती

घाईघाईत मास्टर्स करायची कल्पना माझी नव्हती, कॉलेजची होती. दादरच्या आमच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला नोटीस लागली: पदवी पूर्ण व्हायच्या आतच शैक्षणिक तंत्रज्ञानाचं मास्टर्स सुरू करा, पाचाऐवजी चार वर्षांत दोन्ही डिग्र्या घ्या. हॉलमध्ये एका सरांनी तासभर समजावलं की प्रत्येक मूल आपापल्या गतीने शिकतं, त्याला घाई करायची नसते. मग म्हणाले, फॉर्म उद्या बारापर्यंत भरा, नंतर ऐकून घेणार नाही.

मी भरला. आईने ती बातमी डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत तळमजल्यापासून वरपर्यंत पोचवली. आईचं असं की बारावीनंतर डी.एड.ला तिचा नंबर लागला होता, तेवढ्यात लग्न ठरलं आणि ते राहून गेलं. तेव्हापासून बावीस-तेवीस वर्षं ती घरात शिकवणी घेते. संध्याकाळी दहा-बारा पोरं गॅलरीत चटईवर बसतात आणि आई स्वयंपाकघरातून आत-बाहेर करत शिकवते. ‘आमची मास्टर होतेय’ हे ती अशा आवाजात सांगायची की ऐकताना मी उगाच ताठ बसायचे.

पण सीट कच्ची होती. प्रोजेक्ट पास झाला तर पक्की, नाहीतर साधी पदवी घ्या आणि गप घरी जा. चाळभर पेढे वाटून झाल्यावर घरी कुठल्या तोंडाने जाणार?

प्रोजेक्ट म्हणून मी भागाकार शिकवणारं ॲप बनवलं. मूल टॅबवर प्रश्न लिहिणार आणि ॲप त्याच्याशी मराठीत बोलून समजावणार, अशी भारी आयडिया. कॉलेजने पाच टॅब दिले. पोरं आईचीच घेतली, आयती होती. पहिल्याच दिवशी चौथीतल्या एका मुलीने लिहिलं, ‘मला येत नाही.’ ॲप म्हणालं, ‘खूप छान! पुढे चला.’ तिने लिहिलं, ‘मला भूक लागली.’ ‘खूप छान! पुढे चला.’ पोरं हसून हसून लोळली. मी रडायच्या बेतात होते.

या संकटावर आमच्या अभ्यासक्रमात एक उपाय शिकवला होता. यंत्र तयार नसेल तर पडद्याआड माणूस बसवायचा, त्याने यंत्राच्या नावाने उत्तरं लिहायची आणि मुलं कशी शिकतात ते बघायचं. चालतं ते, फक्त रिपोर्टमध्ये तसं कबूल करायचं. मी आईच्या हातात माझा फोन दिला आणि तिला आत ओट्यापाशी बसवलं. बाहेर गॅलरीत पाच टॅब, आत आई. एका हाताने भेंडी चिरायची, दुसऱ्या हाताच्या एका बोटाने शैक्षणिक तंत्रज्ञान चालवायचं.

‘चुकलंस असं लिहू?’ आईने विचारलं.

‘नाही गं! ‘कृपया पुन्हा प्रयत्न करा’ लिही.’

‘पोरांशी असं कोण बोलतं? बँकेत आली आहेत का ती?’ म्हणाली, आणि सरळ मालवणीत लिहिलं, ‘घाई कित्याक? परत बघ.’

मी कपाळाला हात लावला. चौऱ्याऐंशी भागिले सात त्या मुलीला काही केल्या जमत नव्हतं. मी माझ्या ॲपमध्ये समान गटांची व्याख्या घातली होती, दोन पुस्तकं चाळून. आईने लिहिलं, ‘चौऱ्याऐंशी मोदक आहेत, खाणारे सात. आधी सगळ्यांना दहा-दहा दे. किती उरले?’ मुलीने लिहिलं, चौदा. ‘आता चौदा वाट.’ बारा आले. मुलगी उठून नाचली. मी ते सगळं सेव्ह केलं आणि फाइलला नाव दिलं, ‘सिस्टिमचा प्रतिसाद’.

महिनाभर असं चाललं. पोरांना फसवलंय असं मला वाटत होतं. एक दिवस तीच मुलगी जवळ येऊन म्हणाली, ‘ताई, आत बाईच लिहितात ना? बांगड्या वाजतात त्यांच्या.’ पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं. टॅब काढून घेतील म्हणून कुणी बोललं नव्हतं. चाळीतली पोरं ती, त्यांना कोण उल्लू बनवणार!

मग प्रोजेक्टची तोंडी परीक्षा झाली. समोर आमच्या गाइड मॅडम आणि बाहेरून आलेले एक सर. ‘उत्तरं माणसाने दिली आहेत’ अशी एक स्लाइड मी केली होती. आदल्या दिवशी काढून टाकली. खोटं कशाला बोलू, घाबरले होते. सर संवाद वाचत होते. एके ठिकाणी सिस्टिम म्हणाली होती, ‘आधी पाणी पी, मग बघू.’ सर खुर्चीतून पुढे आले. ‘मुलाची अवस्था ओळखते ही! कशी काय?’

मुलीला उचकी लागली होती, ती आईला आतून ऐकू आली होती. मी म्हटलं, ‘डेटातल्या पॅटर्नवरून, सर.’

सरांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की हे भोईवाड्याच्या बाजूच्या एका शाळेत लावू या. पूर्ण शाळेला उत्तरं द्यायला आई कुठून पुरणार? सर गेल्यावर मी मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सगळं ओकले. भेंडीसकट.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, ‘आईचं शिक्षण किती?’

‘बारावी. डी.एड.ला नंबर लागला होता, पण...’

‘मग तिचं नाव घालू नकोस. बारावी पास बाईने शिकवलं असं लिहिलंस तर तो प्रयोग राहत नाही, ती शिकवणी होते. सीट परत कमिटीपुढे जाईल. एवढंच लिही, ‘मर्यादित स्वरूपाचा मानवी हस्तक्षेप’.’

‘आणि ती शाळा?’

‘शाळेत टॅब येईपर्यंत तुमची बॅच पास होऊन जाईल गं. जा.’

मी तेच तीन-चार शब्द लिहिले, तेही तळटीपेत, बारीक टायपात. लाज वाटली? वाटली. तरी लिहिले. आठ दिवसांत सीट पक्की झाली.

रिपोर्टची बांधलेली प्रत घरी आणली तेव्हा आई पोरांची वाट बघत होती. हात धुऊन, पदराला पुसून तिने ती मांडीवर घेतली. पुढची इंग्रजी पानं तिने नुसतीच उलटली. मागे संवाद मराठीत छापले होते, तिथे ती थांबली.

‘अगो, हे माझंच की!’ तिचं तोंड उजळलं. एकेका ओळीवर बोट ठेवून ती वाचत गेली. प्रत्येक ओळीआधी ठळक अक्षरात छापलं होतं, ‘सिस्टिम’.

‘सिस्टिम म्हणजे मीच ना?’

‘हो.’

‘मग माझं नाव कुठे आहे?’

‘आई, असल्या रिपोर्टांत नावं घालत नाहीत.’

तिने हूं केलं, प्रत मिटली आणि उलटी केली. काळ्या कव्हरवर सोनेरी अक्षरांत माझं नाव होतं, मधल्या बाबांच्या नावासकट. तिने त्याच्यावर बोट ठेवलं.

‘हे बरं घातलंस,’ आई म्हणाली.