मांडवामागचं जावळ

“केस हायेत तोवर लेकरू आजारी दिसत न्हाई,” बबनराव म्हणाला. “काढून टाका.”

वारंगा फाट्यावर, हायवेच्या कडेला, आमच्या भागातल्या पुढाऱ्याच्या, म्हणजे साहेबांच्या वाढदिवसाचा मांडव. मांडवाच्या मागं जनरेटर धडधडत होता. बाजूला मसालेभाताच्या कढया, उष्ट्या पत्रावळ्यांवर कुत्री. तिथंच एक प्लास्टिकची खुर्ची मांडलेली आणि खुर्चीमागं वस्तरा घेऊन उभा असलेला फाट्यावरचा सलूनवाला. समोर माझी ताई. तिच्या कडेवर तिची पोरगी, अनू. वय वर्षं चार. मेंदूत गाठ.

अनूचं जावळ काढायचं राहिलं होतं. जन्मापासून तिच्या केसांना कात्री लागलेली नव्हती. औंढ्याच्या देवाला जाऊन काढायचं, असा ताईनं नवस बोललेला होता. आमच्यात जावळ मामाच्या मांडीवर काढतात. मामा मांडी घालून बसतो, आत्या पदरात केस झेलते, लेकरू रडतं, सगळे हसतात. मामा म्हणजे मी.

मी तेव्हा पुण्याला कंपनीत होतो. ऑपरेशनसाठी सुट्टी टाकून आलो होतो. सकाळीच आम्ही पुसेगावहून नांदेडला निघालो. डॉक्टरांनी साफ बजावलं होतं: डोक्यात पाण्याचा दाब वाढतोय, दुपारच्या आत भरती करा, उद्या ऑपरेशन. अशा लेकराला घेऊन फाट्यावर उतरायचं आम्हाला काही कारण नव्हतं.

कारण एवढंच, की आमचं राशनकार्ड बबनरावच्या पिशवीत होतं.

हे नीट समजून घ्या. सगळी लूट इथंच आहे. डॉक्टरांनी दाजींना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ऑपरेशन सरकारी योजनेत बसतं. राशनकार्ड आणा, आधार आणा, बाकी दवाखाना बघेल. बस्स. दाजी पुसेगावात गाड्यांचे पंक्चर काढतात. त्यांनी नांदेडहून येऊन काय केलं? कार्ड उचललं आणि बबनरावच्या हातात दिलं. आपण होऊन. कारण आमच्याकडं माणसाला जन्मापासून शिकवलेलं असतं, की कागद आपल्या पायानं चालत नाही. कुणाचा तरी हात लागावा लागतो. तलाठ्याकडं जायचं तरी मधे एक माणूस, दवाखान्यात जायचं तरी मधे एक माणूस. मधला माणूस नसला की आपल्यालाच वाटतं, काम कच्चं राहिलं.

बबनराव हा साहेबांचा मधला माणूस. तो म्हणाला, “भरतीच्या दिवशी साहेबाच्या हातानं मंजुरी देतो. योजनेत न्हाई त्या वरच्या औषधासाठी चेक पण देतो. तोवर कार्ड माझ्यापाशी बराबर राहील.”

बराबर राहिलं. त्याच्या पिशवीत.

“दवाखान्यात काढणारच हायेत की केस,” तो ताईला समजावत होता. “तिथं काढले काय अन् हितं काढले काय.”

“मग हितं काहून काढायचे?” मी विचारलं.

“पाव्हणं, तुमी पुण्याचे. तुमाला न्हाई कळायचं. फोटो पेपरात जातो. असलं टवटवीत लेकरू बघून कोण म्हणंल आजारी हाये? लोक म्हणतेत, साहेबानं उगंच पैसे दिले.”

डॉक्टरच्या वस्तऱ्यात आणि ह्याच्या वस्तऱ्यात फरक आहे, हे मला त्या क्षणी कळत होतं.  डॉक्टर केस काढणार ते गाठ काढायला. हा केस काढणार ते साहेबांचा मोठेपणा उठून दिसायला. दाजी खाली मान घालून चपलेच्या अंगठ्यानं माती उकरत होते. ताई माझ्याकडं न बघता म्हणाली, “काढू दे. केस येतेत परत.”

मी खुर्चीवर बसलो. अनूला मांडीवर घेतलं. मी बसलो नसतो तर तिला एकटीला बसवलं असतं त्यांनी.

“मामा, औंढा आलं का?” अनूनं विचारलं.

 वस्तरा फिरला. तिचे भुरे केस माझ्या पँटीवर पडले, खाली मातीत पडले, काही कढईकडं उडाले. तिथला वाढपी ओरडला, “अय, भातात जाईल ना.” कुणी पदर धरला नाही.

मग स्टेज. एका रांगेत बसवलं आम्हाला. तीनचाकी सायकल मिळणार म्हणून एक पाय नसलेला म्हातारा. शिलाई मशीन मिळणार म्हणून दोन विधवा बाया. आणि मेंदूच्या गाठीचं लेकरू. दुकानात माल मांडतात तसं. एक फोटोवाला आला, अनूच्या हनुवटीला बोट लावून डोकं उन्हाकडं वळवलं, फोटो काढला, गेला. साहेबांचा पत्ता नव्हता. माइकवरचा माणूस सांगत होता, “साहेब येऊन राहिले, पाच मिनिटात पोचून राहिले.” ती पाच मिनिटं संपतच नव्हती. उन्हं कलायला लागली. आणि अनूला उलटी झाली. ताईच्या लुगड्यावर, थोडी खाली.

बबनराव धावत आला. मला वाटलं पाणी घेऊन आला.

“मागं न्या जरा तिला,” तो म्हणाला. “कार्पेट भाड्याचं हाये.”

मी उठलो. “कार्ड द्या. आमी निघतो.”

“साहेब कळमनुरीच्या पुढं आले.”

“डॉक्टरनं दुपारच्या आत बोलावलं व्हतं.”

“मग मघाच जायाचं. म्या काय दावं लावून बांधलं व्हतं? अन् चेक पायजे का न्हाई?”

ताईनं माझा हात धरला. “थांब रे जरा. एवढा वेळ थांबलो. वरचं औषध कशानं आणायचं आपण? तुझा मान माझ्या लेकरापेक्षा महाग झाला का?”

हा प्रश्न खरा होता. ताई चुकत नव्हती. तिला ज्यांनी तिथवर आणून बसवलं, तेच तिच्या तोंडून बोलत होते. मी अनूला हाक मारली. ती बोलली नाही. परत मारली. डोळे अर्धवट उघडे, मान ताईच्या खांद्यावरून मागं पडलेली.

माइकवरचा माणूस चहा प्यायला खाली उतरला होता. मी माइक उचलला. मी आयुष्यात कधी माइकवर बोललो नव्हतो.

“आमचं राशनकार्ड ह्या बबनरावच्या पिशवीत हाये,” मी म्हणालो. “ह्या लेकराचं ऑपरेशन त्या कार्डावर व्हणार हाये. साहेबावर न्हाई. लेकरू बेशुद्ध पडून राहिलं. आमचं कार्ड द्या.”

 मग मागून कुणीतरी म्हणालं, “कुणी पाजली रे ह्याला?” थोडे हसले.

बबनरावचं तोंड लाल झालं. “उपकार कळत न्हाई ह्या लोकायला. द्यायला गेलं तर अंगावर येतेत.”

तेव्हा रांगेतला तो पाय नसलेला म्हातारा बोलला. त्याची सायकल अजून मिळायची होती, तरी बोलला. “दे की रं त्याचं त्याला. तुझ्या बापाचं हाये का ते?”

आता कोणी हसलं नाही. खाली पोरांनी मोबाईल वर धरले होते. बबनरावनं ते बघितलं. पिशवीत हात घातला, कार्ड काढलं आणि स्टेजवर भिरकावलं. मी वाकणार तेवढ्यात ताईनं ते उचललं. पोटाशी धरलं आणि अनूला घेऊन पायऱ्या उतरली. चेकचं नाव काढलं नाही तिनं.

एका जीपवाल्यानं नांदेडला सोडलं. दवाखान्याच्या खिडकीवर कार्ड दिलं, आधार दिलं, दाजींनी अंगठा लावला. साहेब कोण, बबनराव कोण, कुणीही विचारलं नाही. चहा गार व्हायच्या आत काम झालं. एवढ्यासाठी माझ्या भाचीचं डोकं मांडवामागं भादरलं होतं.

डॉक्टर चिडले. “पोरगी शुद्धीवर नाही. सकाळपासून कुठं होतात तुम्ही?”  ताई काय सांगणार होती?

अनू जगली. वरची औषधं ताईचं डोरलं मोडून आणली. अनूला उजव्या डोळ्यानं दिसत नाही. गाठीमुळं, का उशिरामुळं, डॉक्टर ठाम सांगत नाहीत, म्हणून मीही सांगणार नाही. पण उशीर कुणी केला ते मी गावोगाव सांगतो.

फोटो पेपरात आला. साहेब त्यात नव्हते, नाव होतं. भादरलेल्या डोक्याची अनू आणि खाली ‘साहेबांच्या प्रयत्नातून चिमुकलीला जीवदान’. पुसेगावात लोक दाजींच्या दुकानावर येऊन म्हणाले, साहेबानं लेकरू वाचवलं बरं तुमचं. दाजी टायरला हवा भरत राहिले. त्या दिवशी मी पुण्याला परत जायचं तिकीट फाडून टाकलं.

आता आम्ही दहा-बारा पोरं आहोत. पत्रकं छापतो, बाजारात वाटतो, पारावर वाचून दाखवतो. पत्रकात साधी भाषा असते: योजना सरकारची, पैसा तुमचा, कार्ड तुमचं. कुणाच्या हातात देऊ नका, स्वतः खिडकीवर जा. घाबरत असाल तर आमच्यातला एक संगं येईल, आणि तो कार्डाला हात लावणार नाही. मागं बबनराव बाजारात भेटला. “पाव्हणं, राजकारण करून राहिले का?” म्हणाला. मी म्हणालो, “व्हय.”

साहेबांचा वाढदिवस परत आलाय. काल सेनगावकडचा एक बाप माझ्याकडं आला. त्याच्या पोराच्या हृदयाला भोक आहे आणि कार्ड बबनरावच्या पिशवीत अडकलंय. त्याला स्टेजवर बसायला सांगितलंय. तो मला विचारत होता, बसू का नको.

उद्या आम्ही सगळे त्या मांडवात जाणार. त्याचं पोरगं स्टेजवरून खाली घेणार. जेवढी कार्डं पिशवीत असतील तेवढी, ज्याची त्याच्या हातात देणार. परवानगी मागणार नाही, हात जोडणार नाही, कुणी यायची वाट बघणार नाही. आडवं यायचं त्यानं यावं.