मेलेल्यासाठी दिलेला चेहरा

बाल्दोमेरो आमच्या त्रियाना वस्तीतला, माझ्या समोरच्या खोलीत राहायचा. बावीस वर्षं बैलझुंजीच्या रिंगणात उतरला, पण भिंतीवरच्या जाहिरातीत नाव कधी आलं नाही. बैलाला मारणारा झुंजार वेगळा. हा त्याच्या टोळीतला, धावत जाऊन बैलाच्या खांद्यात झालरीच्या काठ्या रोवणारा. टाळ्या झुंजाराला, शिंगं सगळ्यांना.

त्या वसंतात चित्रकार डॉन अनसेल्मोंना मेलेला झुंजार रंगवायचा होता. आता, झुंजीचा जरीचा पोशाख चढवल्यावर आमच्यात कुणी आडवं होत नाही. बसा, भिंतीला टेका, पण पाठ जमिनीला लावायची नाही. त्या पोशाखात माणूस एकदाच आडवा होतो. बाल्दोमेरोला हे ठाऊक नव्हतं? पण बायको कांदेलारिया छातीच्या दुखण्यानं पडलेली, आणि डॉन अनसेल्मोंचा भाऊ डॉक्टर, मोबदल्यात तिला फुकट तपासणार होता. तीन सकाळी बाल्दोमेरो जरीचा पोशाख चढवून चित्रकाराच्या फरशीवर डोळे मिटून पडला.

टोळीला कळलंच. रविवारी झुंज. शुक्रवारी जाडा मातियास आला, उंबऱ्याबाहेरच थांबला.

"बाल्दो, रविवारी माझ्या शेजारी कपडे चढवू नकोस. मला चार पोरं आहेत."

"का रे, मला प्लेग झालाय?"

"प्लेग परवडला. त्यात पळता तरी येतं."

मी भडकलो. असली खुळं मी मानत नाही. शनिवारी बाल्दोमेरोला ओढत चित्रकाराकडे नेलं.

"साहेब, चेहरा बदला!"

"चेहरा म्हणजेच चित्र आहे, बाबा."

बाल्दोमेरो हळूच म्हणाला, "मग डोळे तरी उघडे ठेवा, मालक. म्हणजे तो अजून मेला नाही."

"बरं. माझ्याकडे बघ."

तासाभरात चित्रातले डोळे उघडले. पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. चित्रकारानं पदरचं काही घातलं नव्हतं. समोर होतं तेच उतरवलं. शिंग येताना दिसतंय आणि पाय उचलत नाहीत, असे डोळे. बावीस वर्षं थट्टामस्करीआड दडवलेले.

"मी असा दिसतो?" त्यानं मला विचारलं.

कुणालाही तोंडावर उत्तर देणारा मी. त्याची टोपी उचलून त्याच्या हातात दिली.

रविवारी दुपारी त्यानं पोशाखातला एक गुलाबी मोजा चढवला आणि खाटेवर बसून राहिला.

"पाय उचलत नाहीयेत रे. तिथेही नाही उचलणार."

बाहेरून मातियासनं दोनदा हाक मारली, मग टोळी गेली.

त्यानंतर चौदा वर्षं तो दारात बसून खुर्च्या विणायचा. डॉक्टर आला, कांदेलारिया उठली. चित्र झुंजीच्या शौकिनांच्या क्लबात लागलं. त्या गल्लीतून तो कधी गेला नाही. दारावरून जाणारे, भित्रा म्हणून, कोंबडीसारखं कॉक-कॉक करायचे. मी काठी घेऊन उठलो, की मला खाली ओढायचा.

"बस रे. घाबरलो होतो, त्यात त्यांचं काय खोटं? अजून घाबरतो."