चाळीसांतले आठ

बाई नववीला गणित शिकवायच्या. नवरा वायरमन, बोलणं कमी, पण एकदा मनात घेतलं की हटायचा नाही.

त्याच्या हृदयाची झडप निकामी झाली. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन सांगितलं आणि बाईंनी खोदून विचारलं म्हणून आकडेही दिले. गेल्या वर्षी असे पन्नास रुग्ण आले. चाळीस जणांनी ऑपरेशन करून घेतलं, त्यांतले आठ वर्षाच्या आत गेले. दहा जण नको म्हणाले, त्यांतले सहा गेले.

नवऱ्याने जिन्यातच हिशेब मांडला. "मेले चौदा. त्यांत ऑपरेशनवाले आठ. निम्म्याहून जास्त! मी नाही झोपत त्या टेबलावर."

घरी बाईंनी एक्स-रेच्या पाकिटावर चौकोन आखले. "अहो, तुम्ही मेलेल्यांच्या बेरजेने भागताय. ऑपरेशनवाले मुळातच जास्त, म्हणून मेलेल्यांतही तेच जास्त दिसणार. आपला प्रश्न वेगळा आहे. ऑपरेशन केलं तर? चाळीसांत आठ, म्हणजे वीस टक्के. नाही केलं तर? दहांत सहा. साठ टक्के."

"ते दहा आधीच जास्त आजारी असतील," धाकटा दीर म्हणाला.

"तेही विचारलं मी, भाऊजी. आजार सारखाच होता. घाबरून घरी गेले."

नवऱ्याने पाकीट हातात घेऊन चौकोनांवरून बोट फिरवलं. "मास्तरीण, तू म्हणतेस तर जातो," म्हणाला.

ऑपरेशन नीट झालं. मग ताप चढला, जंतूंचं विष रक्तात भिनलं आणि आठवड्याच्या आत तो गेला.

"वहिनी, तुमच्या चौकोनांनी माझा दादा नेला," दीर सगळ्यांदेखत म्हणाला.  बाईंचा हिशेब चुकला नव्हता. पण वीस टक्के म्हणजे पाचांतला एक, आणि तो एक आपणही असू शकतो, हे नवऱ्याला उमगलं होतं की नुसताच बायकोवर विश्वास ठेवला, हे विचारायचं राहून गेलं होतं.

एकदा भांडी घासताना, नको असताना, डोक्यात भागाकार झालाच. आता एकेचाळीसांत नऊ. बावीस टक्के. अख्खा माणूस गेला आणि आकडा जेमतेम दोनाने हलला. पातेलं नळाखाली तसंच टाकून बाई हमसाहमशी रडल्या.

त्या वर्षी शाळेत सांख्यिकीचा धडा त्यांनी दुसऱ्या बाईंना घ्यायला लावला. पुढच्या वर्षी स्वतः घेतला. कुणाला कशाने भागायचं, ते मुलांकडून पुन्हापुन्हा करून घेतलं.

दीर अजून घरी येत नाही. सासूबाई येतात, चहा घेतात, मुलाचा विषय काढत नाहीत.