टिकलीखालचा पांढरा ठिपका

अन्याय झाला तो माझ्या वहिनीवर. संक्रांतीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी, संध्याकाळी, हर्सूलच्या आमच्या गल्लीत, शेजारच्या काकूंच्या हळदीकुंकवात. कुंकू लावून घ्यायला वहिनीनं कपाळावरची चिकटणारी टिकली काढली. खाली मसुराएवढा पांढरा ठिपका! काकूंचं बोट हवेतच थांबलं.

"व्हय गं, कोड हाय का तुला? वाण घे अन् जा. कुंकू ऱ्हाऊ दे."

बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या. त्या गप्प बसणाऱ्यांनाही मी गुन्हेगारच धरते.

घरी आल्यावर आईनं उपाय काढला: मोठी टिकली. ठिपका वाढला तशी टिकलीही वाढत गेली, पावसाळ्यापर्यंत रुपयाएवढी झाली. वहिनीनं गल्लीत कुणाकडं जाणंच सोडलं. मी पत्रकं वाटणारी, कोड म्हणजे पाप नव्हे असं चौकात ओरडणारी. घरात माझं कोण ऐकतंय? शेवटी एक दिवस तिला स्कूटीवर बसवलं आणि थेट त्वचेच्या डॉक्टरीणबाईंपुढं उभं केलं.

त्यांनी टिकली काढून उलटी केली, मागचा डिंक बघितला.

"हाच चोर. यातल्या रसायनानं कातडीतल्या रंगाच्या पेशी मरतात. मग शरीराच्या पहारेकरी पेशी धावून येतात आणि उरलेल्या घरच्यांनाच परके समजून बडवतात. म्हणून डाग पसरतो. शिवल्यानं दुसऱ्या कुणाला लागत मात्र नाही."

रंगाच्या पेशी डोळ्यांतही असतात, म्हणून डोळेही तपासून घ्या, असं त्या म्हणाल्या. तिथं पहारेकरी जरा दबकून वागतात, कारण तिथं मारामारी झाली तर नजरच जायची.

"म्हंजे डोळ्यातल्यांना अक्कल हाय, अन् कपाळावरच्यांना नाय?" वहिनीनं विचारलं.

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. वहिनीची थट्टा मी कितीतरी महिन्यांनी ऐकत होते.

डोळे ठणठणीत निघाले. टिकली बंद झाली, मलम सुरू झालं. दिवाळीपर्यंत पांढऱ्या डागात तपकिरी ठिपके उगवू लागले. डाग पुरता गेला नव्हता, तरी पुढच्या संक्रांतीला वहिनीनं आमच्याच अंगणात हळदीकुंकू ठेवलं. उघड्या कपाळानं! सगळ्या आल्या, काकूही आल्या.

"आधी समद्यांनी टिकल्या काढा," वहिनीनं फर्मावलं. "माझ्यावानी कुणाला झालंय का बघू."

कुरकूर झाली, खिदळणं झालं, पण टिकल्या निघाल्या. दोघींच्या कपाळावर फिकट ठिपका होता. त्यातल्या एक म्हणजे काकूच.

वहिनीनं आरसा दिला, तो काकू हातातून सोडेनात. "आता गं कसं?"

"कसं काय, काकू? उद्या दवाखान्यात चला माझ्यासंगं. आज कुंकू भांगात लावते, डागाला नको." वहिनीनं त्यांची हनुवटी धरली. "अन् मान वर करा की, एवढ्या लाजता काय नव्या नवरीवानी!"

अंगण हसून हसून दणाणलं. जिंकली माझी वहिनी, भर गल्लीत जिंकली.

आता तुम्ही. टिकली लावत असाल तर आत्ता काढा आणि आरशात बघा. पांढरं दिसलं तर त्यावर मोठी टिकली डकवू नका, त्वचेच्या डॉक्टरांकडं जा. आणि डाग असलेली बाई तुमच्या दारात आली, तर बोट मागं घेऊ नका. तिला कुंकू लावा.